साफसफाईला निदान म्हणू नये

युनिक्स घराण्यातल्या यंत्रणेवर स्वतःच्या गरजेप्रमाणे कर्नल बांधायला घेतला आणि बिल्ड मध्येच बंद पडला, की जाणत्या माणसांकडून मिळणारा सल्ला ठरलेला असतो: सगळं साफ करा आणि पहिल्यापासून सुरू करा. मेक क्लीन चालवा. त्याने भागलं नाही तर सोर्स उडवून नव्याने उतरवून घ्या. तरीही अडलं तर नाद सोडा, यंत्रणेबरोबर आलेला जनरिक कर्नल वापरा. हा सल्ला देणारे लोक अडाणी नाहीत. त्यांनी स्वतः कितीतरी कर्नल बांधलेले असतात, आणि शिकणारी मुलं त्यांचा शब्द प्रमाण मानतात. म्हणूनच त्याचं खंडन करण्याची गरज आहे.

माझं म्हणणं असं की ही पद्धत मुळात उलटी आहे. बिल्ड कुठे आणि कशामुळे फसला याची खबर तो फसतानाच देऊन जातो, आणि साफसफाई नेमकी तीच खबर सर्वात आधी नष्ट करते. पंचनामा होण्याआधी जागा धुऊन काढण्यासारखा हा प्रकार आहे. पण उत्तरपक्षाकडे वळण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा, कारण त्यात तथ्य नाही असं मुळीच नाही.

पूर्वपक्षाचा पहिला आधार म्हणजे शिळ्या ऑब्जेक्ट फायली. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेला मेक हा प्रोग्राम फायलींच्या वेळा ताडून पाहतो. सोर्स फाइल तिच्या ऑब्जेक्टपेक्षा नवी असेल तर ती पुन्हा कंपाइल होते, नाहीतर जुनीच वापरली जाते. मशीनचं घड्याळ मागेपुढे झालेलं असेल, किंवा एखादी हेडर फाइल बदलली पण ती कोणाकोणाला लागते याची नोंद कुठे नसेल, तर जुनी ऑब्जेक्ट तशीच राहते आणि नव्या फायलींना जोडली जाते. मग जी एरर येते तिचा डोळ्यांसमोरच्या सोर्सशी मेळच लागत नाही. अशा वेळी क्लीन केल्यावर बिल्ड खरोखर पार पडतो. दुसरा आधार वेळेचा आहे. मशीनचा वेळ स्वस्त, माणसाचा महाग. हजारो ओळींचा लॉग चाळण्यापेक्षा बिल्ड पुन्हा लावून दिलेला परवडतो. तिसरा आधार सर्वात वजनदार. आज बहुतेक ड्रायव्हर चालू कर्नलमध्ये मॉड्यूल म्हणून चढवता येतात, तेव्हा एखादं कार्ड ओळखलं जावं म्हणून अख्खा कर्नल बांधावा लागण्याचे दिवस गेले. मग ज्याची गरजच उरली नाही, ते का फसलं याचा शोध कशासाठी घ्यायचा?

या तिन्हींना उत्तर देण्याआधी एक फसलेला बिल्ड जवळून पाहू. उदाहरण फ्रीबीएसडीचं घेतो, कारण तिथे सगळा कारभार उघडा असतो. कर्नलची कॉन्फिग म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल. जनरिकची प्रत काढायची, नको त्या ओळी काढून टाकायच्या, हव्या त्या घालायच्या आणि त्या नावाने बिल्डकर्नल चालवायचं. ही रीत जुनी आहे. कॉन्फिग हा प्रोग्राम 4.1 बीएसडीपासून चालत आला आहे.

समजा, एकाने ही फाइल वाचता वाचता ठरवलं की आपल्या मशीनमध्ये स्कझी डिस्क नाही, मग ‘एससीबस’ आणि तिच्या सोबतच्या ओळी कशाला हव्यात? त्याने त्या काढल्या. बिल्ड सुरू झाला, फायलींमागून फायली बिनतक्रार कंपाइल झाल्या आणि अगदी शेवटी, सगळ्या ऑब्जेक्ट एकत्र जोडताना, लिंकर थांबला: ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल: एक्सपीटी-डन’. त्याखाली लिंकरने हेही छापलं की हे नाव कोणत्या फाइलीने मागितलं. त्या यादीत ‘यूमास’ची फाइल आहे.

वाचणाऱ्याच्या हाती इथे सगळं आलेलं आहे. थांबला तो लिंकर, कंपायलर नव्हे. म्हणजे सोर्सच्या व्याकरणात दोष नाही. नाव सापडलं नाही, म्हणजे ते ज्या फाइलीत लिहिलेलं आहे ती फाइल या कर्नलसाठी कंपाइलच झाली नाही. सोर्समध्ये शोध घेतला की हे नाव सीएएम नावाच्या फोल्डरमध्ये मिळतं. कोणती सोर्स फाइल कॉन्फिगच्या कोणत्या ओळीमुळे कर्नलमध्ये येते, याची एक यादी सोर्सबरोबरच असते. तिचं नावच ‘फाइल्स’. त्या यादीत या फाइलीसमोर ‘एससीबस’ असं लिहिलेलं आहे. यूमास हा पेन ड्राइव्ह आणि यूएसबीच्या बाहेरच्या डिस्कचा ड्रायव्हर. मशीनमध्ये स्कझीची एकही डिस्क नसली तरी पेन ड्राइव्हशी होणारं बोलणं स्कझीच्याच आज्ञांनी होतं. एससीबस काढली आणि यूमास ठेवला, तर यूमासने हाक कोणाला मारायची? जनरिकमध्ये यूमासच्या ओळीशेजारीच टीप आहे की याला एससीबस आणि डीए लागतात.

आता इथे मेक क्लीन चालवून काय होणार? बिल्ड पुन्हा पहिल्यापासून होईल आणि पुन्हा त्याच नावापाशी थांबेल. सोर्स नव्याने उतरवला तरी तेच, कारण दोष सोर्समध्येही नाही आणि ऑब्जेक्टमध्येही नाही. एक गोष्ट मागितली आणि ती जिच्यावर अवलंबून आहे ती दुसरी नाकारली, ही विसंगती कॉन्फिगमध्ये आहे. नेटवर्क कार्डांच्या बाबतीत हाच घोटाळा ‘एमआयआयबस’ ही ओळ काढल्यावर होतो. पण तिथे बिल्ड लिंकपर्यंत पोहोचतच नाही. त्या ओळीमुळे तयार होणारी हेडर फाइल तयार झालेली नसते आणि कंपायलर ‘फाइल सापडत नाही’ म्हणून आधीच अडतो. दोष एकाच जातीचे, पण ते दोन वेगळ्या टप्प्यांवर उघडे पडतात. म्हणून बिल्ड कोणत्या टप्प्यावर थांबला हा पहिला प्रश्न असला पाहिजे, आणि साफसफाईच्या सल्ल्यात नेमका हाच प्रश्न विचारला जात नाही.

लिनक्समध्ये ही विसंगती सहसा होऊ दिली जात नाही. 2002 मध्ये रोमन झिपेल यांची केकॉन्फिग ही व्यवस्था आली, तेव्हापासून कोणता पर्याय कशावर अवलंबून आहे हे यंत्रणाच तपासते. पण त्यामुळे दोष नाहीसे झाले असं नाही, त्यांनी जागा बदलली. कॉन्फिगच्या फाइलीत हाताने एखादा पर्याय चालू केला आणि त्याची पूर्वअट पूर्ण नसली, तर पुढच्या वेळी मेक चालवताच तो पर्याय निमूटपणे गळून पडतो. बिल्ड यशस्वी होतो आणि हवी ती गोष्ट कर्नलमध्ये नसते. दुसरं नेहमीचं उदाहरण उबुंटूचं. चालू कर्नलची कॉन्फिग बूट फोल्डरमधून उचलून मूळ सोर्सवर बिल्ड लावला की तो ‘कॅननिकल-सर्ट्स’ नावाची फाइल बनवण्याचा नियम नाही म्हणून थांबतो. ही सर्टिफिकेटची फाइल उबुंटूच्या स्वतःच्या सोर्समध्ये असते, मूळ लिनक्सच्या सोर्समध्ये नसते, आणि कॉन्फिगमधली ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’ ही ओळ तिचं नाव घेते. ती ओळ रिकामी केली की बिल्ड पुढे सरकतो, आणि पुढे ‘रिव्होकेशन कीज’च्या ओळीपाशी तशीच एरर आली तर तिलाही तोच उपाय. इथे साफसफाई करून काय साधेल?

ही खबर मिळवायला फार विद्वत्ता लागत नाही, पण एक सवय मोडावी लागते. बहुतेक जण स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचतात, आणि शेवटच्या ओळीत ‘एरर कोड 1’ यापलीकडे काही नसतं. मेक एकात एक अनेक वेळा चाललेला असतो. सर्वात आतला थांबला की बाहेरचा प्रत्येक जण आपापली ‘थांबलो’ अशी ओळ छापत जातो. त्यात बिल्ड लवकर व्हावा म्हणून एकाच वेळी आठ-दहा कामं लावलेली असली, तर एक काम अडल्यावरही बाकीची आपलं हातचं पूर्ण करतात आणि त्यांचा मजकूर खऱ्या एररच्या डोक्यावर रचला जातो. खरी एरर कितीतरी ओळी वर राहते. सबंध बिल्डचा मजकूर स्क्रिप्ट या आज्ञेने फाइलीत साठवावा आणि तिच्यात पहिली एरर शोधावी, शेवटची नव्हे. ती नीट कळली नाही तर क्लीन न करता, एका वेळी एकच काम, अशा बेताने बिल्ड पुन्हा लावावा. झालेलं काम झालेलंच असल्यामुळे तो थेट अडलेल्या जागी येऊन थांबतो आणि या वेळी एरर खरोखर शेवटी छापली जाते. वेळेचा जो युक्तिवाद पूर्वपक्ष करतो, तो या पुन्हा चालवण्याला जास्त लागू पडतो, कारण याला सर्वात कमी वेळ लागतो.

याच पुन्हा चालवण्यातून दुसरा, त्याहून मोलाचा निकाल हाती येतो. बिल्ड त्याच जागी थांबला तर दोष कॉन्फिगमध्ये, सोर्समध्ये किंवा कंपायलर-लिंकरमध्ये. एकेक काम लावल्यावर पार पडला आणि अनेक कामं लावली की फसला, तर मेकफाइलमध्ये कोणाआधी कोण याची नोंद चुकलेली असण्याचा संभव मोठा. आणि एकेक काम लावूनही दर वेळी निराळ्याच फाइलीवर कंपायलर ‘सिग्नल 11’ देऊन कोसळत असेल, तर संशय मशीनवर घ्यावा. सदोष मेमरी, तापलेला प्रोसेसर, कमी पडणारा वीजपुरवठा हे सगळे कर्नलच्या बिल्डमध्ये उघडे पडतात, कारण इतका वेळ इतकं सलग काम मशीनला एरवी क्वचित पडतं. सिग्नल 9 ने मारला गेलेला कंपायलर वेगळं सांगतो: मेमरी आणि स्वॅप दोन्ही संपले. त्याची नोंद कर्नलच्या संदेशांत सापडते. पुन्हा पुन्हा क्लीन करणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. कधीतरी बिल्ड योगायोगाने पार पडतो, तो क्लीनला श्रेय देतो आणि बिघडलेल्या मेमरीवर बांधलेला कर्नल निर्धास्तपणे वापरायला घेतो. मला या सल्ल्याची सर्वात जास्त भीती वाटते ती इथे.

या बाबतीत मॅथ्यू डिलन यांचं काम आदर्श मानावं असं आहे. 2003 मध्ये फ्रीबीएसडीपासून वेगळी निघालेली ड्रॅगनफ्लाय बीएसडी ही त्यांचीच. त्यांच्या एएमडीच्या मशीनवर मोठे बिल्ड चालू असताना जीसीसी कंपायलर क्वचित कोसळायचा. ‘मेमरी खराब असेल, पुन्हा चालवा’ म्हणून सोडून देण्यासारखीच ती तक्रार होती. डिलन यांनी ती सोडली नाही. कोसळण्याची जागा कंपायलरच्या एका ठरावीक फंक्शनभोवती आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. खराब मेमरी अशी जागा निवडत नाही. त्या धाग्याने माग काढत ते प्रोसेसरपर्यंत पोहोचले, आणि 2012 च्या मार्चमध्ये एएमडीने दोष मान्य केला: लागोपाठ येणाऱ्या पॉप आणि रिटर्न या सूचनांच्या विशिष्ट परिस्थितीत त्या पिढीचे काही प्रोसेसर स्टॅक पॉइंटर चुकीचा लिहीत होते. एका फसलेल्या बिल्डमधून सिलिकॉनमधली चूक बाहेर आली, कारण फसण्याचा प्रत्येक प्रसंग पुरावा म्हणून जपला गेला.

आता पहिल्या आधाराचं उत्तर. शिळ्या ऑब्जेक्ट असतात हे मान्य, आणि क्लीन केल्याने त्या जातात हेही मान्य. पण ‘इथे ऑब्जेक्ट शिळी आहे’ हे अनुमान आहे आणि ते तपासता येतं. बिल्डचं फोल्डर पुसण्याऐवजी त्याचं नाव बदलून बाजूला ठेवावं आणि रिकाम्या फोल्डरमध्ये बिल्ड लावावा. पार पडला तर जुन्या फोल्डरमधल्या संशयित ऑब्जेक्टची वेळ सोर्सच्या वेळेशी ताडून पाहता येते, घड्याळ चुकलं होतं की नोंद, हे कळतं. फसला तर अनुमान चुकीचं ठरलं आणि पुरावाही शाबूत राहिला. फ्रीबीएसडीच्या मंडळींनी तर या दुखण्याच्या मुळालाच हात घातला. त्यांच्या मेटा मोडमध्ये फाइलमॉन नावाचं मॉड्यूल प्रत्येक फाइल बनताना कोणकोणत्या फायली उघडल्या गेल्या याची नोंद ठेवतं. त्यामुळे काय पुन्हा बनवायचं हे केवळ मेकफाइलमधल्या नोंदींवर आणि वेळांवर अवलंबून राहत नाही. शिळ्या ऑब्जेक्टवरचा खरा उपाय असा असतो.

सोर्स नव्याने उतरवण्याच्या सल्ल्याला माझा आक्षेप याहून कडक आहे. नव्याने उतरवलेला सोर्स तोच असतो असं नाही. मधल्या काळात शाखा पुढे गेलेली असते. म्हणजे एक गोष्ट बिघडलेली असताना आपण दुसरीही बदलतो आणि मग बिल्ड पार पडला किंवा पुन्हा फसला तरी त्याचं कारण सांगता येत नाही. आणखी एक धोका आहे. फ्रीबीएसडीत स्वतःची कॉन्फिग फाइल सहसा सोर्सच्या पोटातच ठेवली जाते. सोर्सचं फोल्डर उडवलं की तीही गेली. म्हणूनच फ्रीबीएसडीचं हँडबुक ती रूटच्या घरी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून सोर्समध्ये तिची फक्त लिंक द्यायला सुचवतं. लिनक्समध्ये मेक एमआरप्रॉपर ही खोल सफाई कॉन्फिगची फाइलही पुसते. ज्या फाइलीत दोष असण्याची शक्यता सर्वात जास्त, तीच पहिल्या झटक्यात नाहीशी होते.

उलट कधी सोर्स जसाच्या तसा असतो आणि भोवतालची साधनं बदलतात. 2020 च्या मे महिन्यात जीसीसी 10 आली आणि एकाच नावाचा ग्लोबल चल दोन फायलींत मोघमपणे जाहीर केलेला चालवून घेण्याची जुनी सवलत तिने मूळ वर्तनातून काढली. त्याबरोबर लिनक्सचे जुने, अगदी निर्मळ सोर्स डिव्हाइस ट्री कंपायलरपाशी ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून अडू लागले. लेक्सरमध्ये आणि पार्सरमध्ये ‘वायवायलॉक’ हा चल दोनदा आलेला होता. दुरुस्ती एका ओळीची. पण ती एरर वाचणाऱ्यालाच सापडली. फ्रीबीएसडीत मोठ्या आवृत्तीवर जाताना असंच होतं: आधी बिल्डवर्ल्ड करून नवा कंपायलर तयार न करता जुन्यानेच नवा कर्नल बांधायला घेतला की अडतं. कॉन्फिग या प्रोग्रामची आवृत्ती कर्नलशी जुळत नसेल तर एरर दोन्ही आकडे छापते आणि आधी नवा कॉन्फिग बसवा असंही सांगते. सोर्सबरोबर येणारी ‘अपडेटिंग’ ही फाइल अशाच सूचनांसाठी असते. ती आधी वाचली तर अर्धे बिल्ड फसणारच नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

राहिला तिसरा आधार, गरज उरली नाही हा. साध्या डेस्कटॉपपुरता तो मला मान्य आहे. तिथे जनरिकच चालवावा. पण जे मॉड्यूल म्हणून चढवताच येत नाही त्याचं काय? फ्रीबीएसडीत पीएफ फायरवॉलबरोबर नेटवर्कच्या वाहतुकीची वाटणी करायची तर ‘ऑल्टक्यू’ लागतं, आणि हँडबुक स्पष्ट सांगतं की ते मॉड्यूल म्हणून मिळत नाही, कर्नलमध्येच बांधावं लागतं. कर्नलच्या आत लॉकांचा क्रम कुठे चुकतो हे पकडणारं ‘विटनेस’ आणि आतल्या गृहीतकांची तपासणी करणारं ‘इन्व्हेरियंट्स’ हे पर्याय प्रकाशित आवृत्तीच्या जनरिकमध्ये बंद असतात, कारण त्यांनी मशीन मंदावतं. सतत कोसळणाऱ्या सर्व्हरचं कारण शोधायचं तर कर्नल बांधण्यावाचून गत्यंतर नसतं. ज्याच्यावर ही वेळ येते त्याला ‘जनरिक वापरा’ असं सांगणं म्हणजे त्याच्या प्रश्नाकडे पाठ फिरवणं.

जनरिकचा खरा उपयोग वेगळाच आहे. ज्या सोर्सवर आणि ज्या साधनांनी आपला बिल्ड फसला, त्याच सोर्सवर, त्याच साधनांनी जनरिक बांधून पाहावा. तोही फसला तर आपली कॉन्फिग निर्दोष ठरते. तो पार पडला तर दोष आपण केलेल्या बदलांतच आहे. मग जनरिकची प्रत काढून ओळी गाळण्याऐवजी आपल्या फाइलीत वर ‘इन्क्लूड जनरिक’ लिहावं आणि खाली ‘नोडिव्हाइस’, ‘नोऑप्शन्स’ यांनी नको ते वगळावं. आपले बदल तेवढेच डोळ्यांसमोर राहतात. त्यातले निम्मे बंद करून बिल्ड लावायचा, उरलेल्यांतले पुन्हा निम्मे. दोषी ओळ लवकरच एकटी पडते. या फाइलीचा आणखी एक फायदा असा की पुढच्या आवृत्तीत जनरिकमध्ये जे नवं येईल ते आपोआप आपल्याकडे येतं.

बिल्ड झाला पण कर्नल बूट झाला नाही, तरी रीत हीच. लिनक्स ‘रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही’ म्हणून अननोन ब्लॉकचे दोन शून्य दाखवत थांबला, तर डिस्कचा ड्रायव्हर कर्नलमध्येही नाही आणि इनिटरॅमएफएसमध्येही नाही, किंवा इनिटरॅमएफएस चढलेलंच नाही, इथून शोध सुरू करावा. फ्रीबीएसडीत लोडरच्या मेनूवरून आधीचा कर्नल, म्हणजे ‘कर्नल डॉट ओल्ड’, निवडून मशीन उभं करता येतं. मात्र पुढचा कर्नल बसवताना त्या जागी जो कर्नल जातो तो चांगला असेलच याची खात्री नसते, म्हणून चालत असलेल्या कर्नलची एक प्रत तिसऱ्याच नावाने बूटच्या फोल्डरमध्ये ठेवायला हँडबुक सांगतं. कर्नल बूट झाला पण पीएससारख्या आज्ञा भलतंसलतं सांगू लागल्या, तर कर्नल आणि बाकीची यंत्रणा वेगवेगळ्या आवृत्तींच्या झाल्या आहेत. आणि कॉन्फिगची फाइल हरवलीच असेल, तर ‘इन्क्लूड कॉन्फिग फाइल’ हा पर्याय घालून बांधलेल्या कर्नलच्या पोटात तिची प्रत असते. कॉन्फिगला एक्स हा पर्याय देऊन त्या कर्नलवर चालवलं की ती जशी वापरली गेली तशी बाहेर येते. फक्त आपण लिहिलेल्या टिपा तेवढ्या तिच्यात नसतात.